धक्का तुम्हाला बसला, आम्हाला नाही

नागपूर शहर आणि जिल्ह्यातल्या सर्व पक्षांच्या अध्यक्षांना, आमदार-खासदारांना आणि पुढच्या तिकिटासाठी आत्तापासून धडपडणाऱ्या प्रत्येकाला,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर 2020 च्या पहिल्या आठवड्यात विधान परिषदेच्या नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघाचा, म्हणजे जिथे फक्त नोंदणी केलेले पदवीधर मत देतात त्या जागेचा, निकाल लागला. ज्या जागेवरून गंगाधरराव फडणवीस निवडून आले, जी 1989 पासून पाव शतक नितीन गडकरींनी राखली आणि 2014 मध्ये अनिल सोलेंनी जिंकली, ती भाजपची हक्काची जागा काँग्रेसच्या अभिजित वंजारींनी 18 हजारांहून अधिक मतांनी घेतली. हरलेला उमेदवार कोणी नवखा नव्हता, शहराचे तेव्हाचे महापौर संदीप जोशी होते. निकालाच्या रात्री वाहिन्यांवर आणि चौकाचौकात एकच चर्चा होती, असं झालंच कसं?

मी शिक्षिका आहे आणि या मतदारसंघातली मतदार आहे. असं कसं झालं, हे आमच्या स्टाफरूममध्ये कोणीही सांगितलं असतं. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांनी भरलेल्या एखाद्या अभ्यासिकेत सांगितलं असतं. बँकेच्या रांगेतल्या निवृत्त माणसाने सांगितलं असतं. आम्हाला कोणी विचारलंच नाही. तुम्ही विचारलंत ते तुमच्याच कार्यकर्त्यांना, आणि ज्याला स्वतःचं पद टिकवायचं आहे तो कार्यकर्ता साहेबांना वाईट बातमी कधीच देत नाही.

त्या वर्षी आमच्या मनात काय होतं ते आता तरी ऐका. 2018 मध्ये 72 हजार पदांच्या मेगाभरतीची घोषणा झाली आणि गावागावातल्या पदवीधरांनी पुस्तकं उघडली. पुढे सरकारी भरतीच्या महापोर्टलवरच्या परीक्षांचा गोंधळ झाला, तक्रारी झाल्या आणि त्यातच वयं निघून गेली. पवित्र पोर्टलवर शिक्षक भरतीची वाट बघत कितीतरी डीएड-बीएडवाले खासगी शिकवण्या घेत बसले. 2020 मध्ये सरकार दुसऱ्यांचं होतं, पण त्या पोरांना आपली वर्षं कोणाच्या काळात वाया गेली हे पाठ होतं. त्यातच करोना आला. साथीच्या ऐन भरात महापालिकेत महापौर विरुद्ध आयुक्त तुकाराम मुंढे असा उघड सामना रंगला. मुंढेंची कामाची पद्धत मलाही सगळी पटत नव्हती, निवडून आलेल्या सभागृहाला डावलून शहर चालवता येत नाही. पण माणसं दवाखान्यात खाट शोधत होती आणि सभागृहात मानापमान चालला होता, हे लोकांनी पाहिलं. ऑगस्टमध्ये मुंढेंची बदली झाली तेव्हा त्यांच्या बंगल्यासमोर तरुणांची गर्दी जमली. ती गर्दी डिसेंबरच्या यादीत मतदार म्हणून असणार, हे कळायला सर्वेक्षण कशाला हवं?

आणि यादी म्हटलं की या मतदारसंघाची गोष्ट वेगळीच असते. विधानसभेची यादी आपोआप पुढे चालत राहते, पदवीधरांची दर वेळी नव्याने होते. नमुना 18 भरायचा, पदवीच्या झेरॉक्सवर सही-शिक्का घ्यायचा, नेऊन द्यायचा. म्हणजे मतदानाच्या वर्षभर आधी जो घरोघर फिरला, अर्ज भरून घेतले, त्रुटी निघाल्या तर पुन्हा गेला, त्याचीच यादी होते. जुन्या पिढीतल्या संघ-जनसंघाच्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. सायकलवर फिरून त्यांनी ही जागा बांधली होती. माझ्या वडिलांचा अर्ज भरायला येणारे काका चहा घेत, घरच्यांची चौकशी करत, कोणत्या मुलाचं कॉलेज कुठवर आलं ते लक्षात ठेवत. पुढे त्या काकांच्या जागी व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक फॉर्म आला. 2020 मध्ये अर्ज घेऊन दारात येणारी माणसं दुसऱ्या बाजूची होती. मला तरी निकाल तिथेच दिसला होता.

पराभवानंतर सांगितलं गेलं की तीन पक्ष एकत्र आले, त्यांच्या ताकदीचा अंदाज चुकला. बेरीज म्हणून हे खरं असेल. मग त्याच दिवशी, त्याच तीन पक्षांचं सरकार असताना, शेजारच्या अमरावती शिक्षक मतदारसंघात काय झालं? शिवसेनेचे विद्यमान आमदार श्रीकांत देशपांडे हरले आणि अपक्ष किरण सरनाईक निवडून आले. भाजपही तिथे जिंकला नाही. बेरीज हेच उत्तर असतं तर अमरावतीचा निकाल असा लागलाच नसता. दोन्हीकडे मतदार एकच गोष्ट सांगत होता, की जागा कोणाच्या मालकीची नाही.

त्याआधी अकरा महिने, जानेवारी 2020 मध्ये, जिल्हा परिषदेने हेच सांगून ठेवलं होतं. 58 पैकी 30 जागा काँग्रेसला, भाजपला 15. गडकरींचं मूळ गाव असलेल्या धापेवाड्याची जागासुद्धा गेली. तेव्हा भाजपच्या मंडळींनो, तुम्ही म्हणालात, ग्रामीण भाग आहे, वेगळं गणित आहे, शहर आपलंच आहे. दर पराभवाला असं एक वेगळं कारण सापडत गेलं आणि सगळी कारणं एकत्र मांडून बघायची वेळ कोणावर आलीच नाही.

आता जे मी सगळ्यात जवळून पाहिलं त्याबद्दल लिहिते. जानेवारी 2023, शिक्षक मतदारसंघ. दोनदा निवडून आलेले नागो गाणार तिसऱ्यांदा उभे होते, शिक्षक परिषदेचे आणि भाजपच्या पाठिंब्याचे. समोर विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे सुधाकर अडबाले. प्रश्न एकच होता, नव्याने लागलेल्यांसाठी बंद झालेली जुनी पेन्शन. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्या माणसाला हा विषय समजावून सांगावा लागत नाही. दरमहा पगारातून कपात होते, तिच्या हिशेबाची पावती वर्षानुवर्षं मिळत नाही, आणि निवृत्तीनंतर हातात काय पडणार ते कोणी सांगत नाही. एकाच स्टाफरूममध्ये, एकाच बाकावर, तोच विषय तितकेच तास शिकवणारे दोघं बसतात. एक ऑक्टोबर 2005 ला लागलेला, एक डिसेंबर 2005 ला. एकाला पेन्शन, दुसऱ्याला अंधार. आमच्याकडच्या दुसऱ्या गटातले एक सर करोनात गेले. त्यांच्या पत्नी कागदपत्रांची पिशवी घेऊन कार्यालयाच्या पायऱ्या चढत राहिल्या, त्या आम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मुलगी तेव्हा दहावीत होती.

प्रचाराला मंडळी आली ती मधल्या सुट्टीत. छापील कार्डं वाटली. आमच्यातल्या एका तरुण शिक्षकाने विचारलं, "सर, पेन्शनचं काय?" उत्तर मिळालं, "ते वर चालू आहे. तुम्ही फक्त आमच्या नावापुढे पसंतीचा एक लिहायचं विसरू नका." तो काही बोलला नाही. कार्ड घडी करून वहीत ठेवलं आणि पुढच्या तासाला निघून गेला. त्या खोलीतला प्रत्येक जण त्या क्षणी ठरवून मोकळा झाला होता, आणि कार्डं वाटणारे हसतमुखाने पुढच्या शाळेकडे गेले.

तेही एकवेळ चाललं असतं. पण महिनाभरापूर्वी, डिसेंबर 2022 मध्ये, आपल्याच नागपुरातल्या हिवाळी अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन देता येणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. राज्यावर 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल, असा आकडा दिला होता. मग निवडणूक रंगात आली आणि सूर बदलला, आम्ही नकारात्मक नाही, तोडगा आम्हीच काढू. मी मनापासून सांगते, पहिलं विधान आम्हाला पटलं नव्हतं तरी ते सरळ होतं. तिजोरीचा प्रश्न खरा आहे हे गणिताच्या शिक्षकाला कळत नाही का? त्यावर आमच्याशी भांडला असतात तर आम्हीही भांडलो असतो, आणि भांडणात निदान समोरच्याला माणूस मानलेलं असतं. सूर बदलून तुम्ही दाखवलंत की तुमच्या लेखी आम्ही पंधरा दिवस गप्प ठेवायची मंडळी आहोत. 2 फेब्रुवारीला मतपेट्या उघडल्या आणि अडबालेंना गाणारांच्या जवळपास दुप्पट मतं मिळाली. पुढे मार्चमध्ये राज्यभर संप झाला, समिती नेमली गेली, 2024 मध्ये सुधारित योजना जाहीर झाली. त्या निकालानंतर तुम्हाला आमचा प्रश्न ऐकू आला. आधी येऊ शकला असता.

काँग्रेसच्या मंडळींनो, इथवर वाचून खूश होऊ नका. पुढचं तुमच्यासाठी आहे.

लोकसभा 2024. रामटेकमध्ये तुमच्या उमेदवार रश्मी बर्वे यांचं जात वैधता प्रमाणपत्र रद्द झालं आणि अर्ज बाद झाला. पर्यायी म्हणून अर्ज भरलेले त्यांचे पती श्यामकुमार बर्वे रिंगणात राहिले. समोर कोण, तर उमरेडचे काँग्रेसचे आमदार असलेले आणि ऐनवेळी राजीनामा देऊन शिंदेंच्या शिवसेनेत गेलेले राजू पारवे. लोकांनी बर्वेंना 76 हजारांहून अधिक मतांनी निवडून दिलं. पक्ष बदलला म्हणून आम्ही माणसाला पाडतोच असं नाही. बनवारीलाल पुरोहित 1984 आणि 1989 ला काँग्रेसकडून आणि 1996 ला भाजपकडून याच नागपूरने लोकसभेत पाठवले होते. रामटेकमध्ये लोकांना खटकला तो डाव. एका बाईला कागदावर बाहेर काढलं आणि तिच्याच पक्षातला आमदार पळवून समोर उभा केला, असं चित्र गावागावात गेलं. कोर्टाचा निर्णय रश्मी बर्वेंच्या बाजूने नंतर आला. लोकांनी वाट पाहिली नाही.

विदर्भातल्या दहापैकी सात जागा महाविकास आघाडीला मिळाल्या, राज्यात 48 पैकी 30, आणि काँग्रेस एका खासदारावरून तेरावर गेली. त्या उन्हाळ्यात तुमच्या चेहऱ्यांवर मी तेच पाहिलं जे 2019 मध्ये दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर पाहिलं होतं. आता सत्ता आपलीच, फक्त मुख्यमंत्री कोण एवढंच ठरायचंय. जागावाटपाचा घोळ शेवटच्या दिवसापर्यंत चालला. सहा महिन्यांत, नोव्हेंबरला, त्याच मतदारांनी तुम्हाला राज्यात 16 आमदारांवर आणलं. आपल्या जिल्ह्यात सावनेर केदारांच्या घरातून गेलं, काटोल तुमच्याच आघाडीतल्या राष्ट्रवादीच्या देशमुखांच्या घरातून गेलं. वर्षानुवर्षं एकाच घराचं नाव ज्या जागेला चिकटलेलं, तिथे तिकीट पत्नीला किंवा मुलाला दिलं की काम झालं, असं धरून चाललात. धापेवाड्याच्या वेळी भाजपने केलेली चूक तुम्ही डोळ्यांदेखत पुन्हा केलीत.

आणि नंतर काय म्हणालात? लाडक्या बहिणींनी 1500 रुपयांना मत विकलं. माझ्या घरी काम करणाऱ्या ताईंच्या आणि आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बायकांच्या वतीने मी याचा निषेध करते. ज्या बाईच्या नावावर आयुष्यात कधी काही जमा झालं नव्हतं, तिच्या खात्यात पैसे आले आणि ते नवऱ्याला विचारल्याशिवाय खर्च करता आले. त्यातून तिने मुलाची फी भरली, चष्मा केला. आपली कोणी दखल घेतली असं तिला वाटलं तर तो तिचा विचार आहे, विक्री नव्हे. त्याच बायकांनी सहा महिन्यांपूर्वी महागाईवरून दुसरीकडे मत दिलं होतं तेव्हा तुम्ही त्यांना जागृत मतदार म्हणत होता. सत्ताधाऱ्यांनीही हे पैसे कायमचे मत म्हणून वहीत मांडून ठेवू नयेत. ती बाई पुढच्या खेपेला नळाला पाणी किती वेळ येतं तेही विचारणार आहे.

यंत्रांविषयी, याद्यांविषयी शंका असतील तर जरूर कोर्टात जा. एप्रिल 2024 मध्ये नागपुरात कितीतरी माणसं केंद्रावर जाऊन नाव नाही म्हणून परत आली, हा गंभीर प्रश्न आहे आणि तो सगळ्या पक्षांनी मिळून सोडवायला हवा. पण एवढ्या लाटेत उमरेड तुमच्याकडे का राहिलं, पश्चिम आणि उत्तर नागपूर का राहिलं, याचा अभ्यासही करा. जिथे जिंकलात तिथे जाऊन विचारा. हरल्यावर कारणं शोधणारे खूप आहेत. जिंकल्यावर का जिंकलो म्हणून विचारायला आलेला नेता मी अजून पाहिलेला नाही.

जिंकणाऱ्यांना सांगायचं तर नागपूर लोकसभेचे आकडे बघा. गडकरींचं मताधिक्य 2014 मध्ये 2 लाख 84 हजार, 2019 मध्ये 2 लाख 16 हजार, 2024 मध्ये 1 लाख 37 हजार. एवढी कामं करणारा माणूस, विरोधकही ज्याचं कौतुक करतात असा माणूस, तिन्ही वेळा जिंकला आणि फरक दर खेपेला उतरत गेला. पाच लाखांच्या गप्पा चालल्या होत्या तेव्हा वस्त्यांमधून काय ऐकू येत होतं? "पूल झाला, मेट्रो झाली, पण आमच्या गल्लीतलं गटार कोणाले सांगाचं?" हे वाक्य मी टिमकीत ऐकलं, नंदनवनात ऐकलं. त्याचं कारणही होतं. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं या शहराला नगरसेवकच नव्हता. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरात शिरलं, माणसं गेली, संसार चिखलात गेले. तेव्हा रात्री तीन वाजता फोन करायला कोणी निवडून दिलेला माणूस त्या प्रभागात नव्हता. नगरसेवकाच्या नावाने आपण कितीही बोटं मोडली तरी दाराशी जाऊन ओरडता येईल असा तो एकच. निवडणुका लांबल्या तेव्हा कोणत्या पक्षाने त्यासाठी रस्ता अडवला? आरक्षणाचा आणि प्रभागांचा वाद कोर्टात होता हे मान्य. पण त्या शांततेत सगळेच सोयीने सामील होते, असं मला वाटतं.

दक्षिण-पश्चिम नागपुरात, जिथे त्या पुराचा सर्वांत मोठा फटका बसला त्या भागात, पुढच्या वर्षी भाजपच जिंकली. हे मी लपवत नाही. राग आला की मतदार लगेच उलटतो असं समजणंही चूक आहे. तो समोर कोण उभा आहे ते बघतो, पुराच्या दुसऱ्या दिवशी विरोधकांपैकी कोण फावडं घेऊन आलं होतं ते आठवतो, आणि कोणीच आठवत नसेल तर आहे त्याच्याकडे राहतो किंवा घरी बसतो. घरी बसणाऱ्यांकडे तुम्ही कोणीच बघत नाही. लोकसभेला नागपुरात साधारण 54 टक्के मतदान होतं. जवळपास निम्मं शहर कोणालाच पसंत करत नाही, आणि तुमच्या विजयाच्या मिरवणुका त्यांच्याच घरांसमोरून जातात.

यात आमचाही वाटा आहे आणि तो मी माझ्या मतदार बांधवांना सांगत असते. पदवीधरच्या मतपत्रिकेवर जांभळ्या पेनने पसंतीचा आकडा लिहायचा, एवढंच काम. तरी 2020 मध्ये हजारो मतं बाद झाली. शिकलेल्या माणसांच्या निवडणुकीत हे व्हावं, याची मला लाज वाटते. नोंदणीची मुदत संपल्यावर "माझं नाव का नाही" म्हणून चिडणारे पदवीधर माझ्याच ओळखीत आहेत. पण मतदाराचं शिक्षण हे पक्षांचंही काम होतं. तुम्ही आम्हाला फक्त कोणाला मत द्यायचं ते शिकवलंत.

बाहेरची माणसं नागपूरला एका रंगात बघतात. कोणी रेशीमबागेचं शहर म्हणतं, कोणी दीक्षाभूमीचं, आणि आतली तुम्ही मंडळीही वॉर्ड तसेच रंगवून ठेवता. जुना हिशेब काढा. 1962 मध्ये या शहराने लोकनायक बापूजी अणे यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. 1971 मध्ये देशभर इंदिरा गांधींची लाट होती तेव्हा नागपूरने विदर्भाच्या मागणीवर जांबुवंतराव धोटेंना निवडलं. 1977 मध्ये इंदिराबाई स्वतः रायबरेलीत हरल्या, तेव्हा नागपूरने काँग्रेसचे गेव्ह आवारी निवडून दिले. दोन्ही वेळा देश एका बाजूला आणि आपलं शहर दुसऱ्या बाजूला. आमच्या आजी-आजोबांनी जे केलं ते आम्ही करणार नाही, असं तुम्ही कशावरून ठरवलंत?

पदवीधर मतदारसंघाची मुदत 2026 मध्ये संपते. शिक्षक मतदारसंघाची 2029 मध्ये. मधल्या काळात मत मागायचं काही कारण नसताना आमच्या शाळेत या, ही माझी विनंती आहे. भाजपने या, काँग्रेसने या, दोन्ही राष्ट्रवादी, दोन्ही सेना, बसपा, वंचित, सगळ्यांनी या. सत्कार ठेवणार नाही. शाळा साडेपाचला सुटते. गाडी दूर लावा, गेटसमोर मुलांच्या सायकली असतात. सोबत ताफा नको, एक वही आणा आणि लिहून घेणारा माणूस आणा. पेन्शनच्या कपातीचे कागद आम्ही काढून ठेवू. नोकरीची वाट बघणारे आमचे जुने विद्यार्थी येतील, खिचडी शिजवणाऱ्या ताई येतील. त्यांचं मानधन किती महिन्यांनी येतं, ते आधी त्यांना विचारा.

आपली,
एक शिक्षिका आणि मतदार,
नागपूर